पाइप घेताना आधी भोक पाहावे

तंबाखू ओढण्याच्या माझ्या पहिल्या पाइपचे आयुष्य अकरा दिवसांचे होते. किनारपट्टीवरील पर्यटकांच्या एका दुकानातून तो मी साडेसातशे रुपयांना घेतला होता. दुकानदाराने आधी बाराशे सांगितले होते आणि घासाघीस करून भाव इतका खाली आणल्याचा मला घरी पोहोचेपर्यंत अभिमान वाटत होता. गडद लालसर रंग, आरशासारखी चकाकी, तंबाखू भरायच्या वाटीच्या काठाला पितळी कडे आणि विक्रेत्याच्या तोंडचे ‘इम्पोर्टेड ब्रायर’ (ब्रायर म्हणजे पाइपसाठी नावाजलेले लाकूड) हे दोन शब्द, एवढ्यावर मी भुललो. अकराव्या संध्याकाळी वाटीच्या बाहेरील पॉलिशला भाजलेल्या पापडासारखे फोड आले, बोटांना चिकट लागू लागले आणि जळक्या रंगाचा वास तंबाखूच्या वासावर मात करू लागला. विझवून आत पाहिले, तर एका बाजूचे लाकूड करपून त्यात हरभऱ्याएवढा खड्डा पडला होता.

तो पाइप घेऊन मी शेजारच्या पात्रांवांच्या बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओसरीवर, जाऊन बसलो. पात्रांव म्हणजे मालक किंवा साहेब, ते त्यांचे नाव नव्हे. तीस वर्षे जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून परतलेल्या या तारवटी, म्हणजे जहाजी, गृहस्थांना मडगावातील आमचा सारा वाडा याच नावाने हाक मारतो. त्यांनी माझा पाइप डोळ्यांजवळ नेला, मुखनळी पिळून वेगळी केली, दांडा दिव्यासमोर धरून आरपार पाहिले आणि खिशातून एक पाइप-क्लीनर, म्हणजे धागा गुंडाळलेली बारीक तार, काढून आत सारला. तो अर्ध्यावर अडला. “आदीं पळय, मागीर घे, मास्तर,” एवढेच ते म्हणाले. आधी पाहा, मग घे. पाहिले मीही होते, पण सगळे बाहेरून.

पुढचे काही महिने मी पाहायला शिकलो आणि मगच दुसरा, खऱ्या अर्थाने पहिला, ब्रायर पाइप घेतला. कमी पैशांत पहिला पाइप घेऊ इच्छिणाऱ्या माझ्यासारख्या प्रौढ नवशिक्याला त्याचा उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे. जो मुळातच तंबाखू ओढत नाही त्याने या वाटेला जाऊ नये, हे मात्र आधी सांगितले पाहिजे. पाइपचा धूर छातीत ओढून घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी असतो, हा समज साफ खोटा आहे. ओठ, जीभ, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुसे यांच्या कर्करोगाचा धोका पाइपनेही वाढतो, आणि तोंडाच्या आतील त्वचेतून निकोटीन रक्तात जाते ते जातेच. मी हे जाणून आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी पाइप ओढतो. ते शहाणपणाचे आहे असा माझा दावा नाही. शिवाय ही गोष्ट घरच्या ओसरीवरच करायची. गोव्याचा धूम्रपान व थुंकणे यांना आळा घालणारा कायदा १९९७ सालचा, म्हणजे केंद्राच्या २००३ च्या कायद्याच्याही आधीचा आहे, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी ओढण्यास मनाई आहे. समुद्रकाठच्या बाकावर बसून पाइप ओढणाऱ्या गृहस्थाचे जे चित्र माझ्या मनात होते, ते त्यामुळे पहिल्याच दिवशी पुसले गेले.

आता ब्रायर म्हणजे काय ते पाहू, कारण हा शब्द बाजारात फार सैलपणे वापरला जातो. ब्रायर हे एखाद्या वृक्षाचे खोडही नव्हे आणि मूळही नव्हे. भूमध्य समुद्राच्या काठी, कोर्सिका, सार्डिनिया, इटलीचा कालाब्रिया प्रांत, ग्रीस, अल्जीरिया, मोरोक्को अशा कोरड्या व खडकाळ प्रदेशांत एरिका आर्बोरिया नावाचे झुडूप वाढते. त्याचे खोड जिथे जमिनीत शिरते तिथे, मूळ आणि खोड यांच्यामध्ये, एक गाठ तयार होते. वणव्यात वरचे सगळे जळून गेले तरी या गाठीतून झुडूप पुन्हा फुटते, म्हणजे आगीतून वाचणे हा या गाठीचा जन्मजात धर्मच आहे. पाइपला उपयोगी पडेल एवढी गाठ वाढायला तीस-चाळीस वर्षे सहज लागतात. ती खणून काढल्यावर ओली ठेवतात, तिचे ठोकळे पाडतात, ते अनेक तास पाण्यात उकळून आतील रस व टॅनिन काढून टाकतात आणि मग महिनोन्महिने सावलीत हळूहळू वाळवतात. घट्ट वीण, लाकडातील सिलिका आणि ओलावा शोषून घेण्याची क्षमता या तीन गुणांमुळे आत निखारा असूनही वाटी जळत नाही आणि बाहेरून हातात धरता येते. ज्या ठोकळ्यातला रस नीट उकळला गेलेला नाही किंवा जो घाईने वाळवला आहे, त्याचा पाइप पहिले कित्येक दिवस तुरट आणि कडवट लागतो. हा दोष मात्र डोळ्यांना दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात पाइप मुख्यतः मातीचे किंवा मीअरशॉम या पांढऱ्या मऊ खनिजाचे असत. फ्रान्समधील ज्युरा पर्वतातील सां-क्लोद या गावी लाकडी कातकामाची जुनी परंपरा होती. १८५० च्या दशकात तिथल्या कारागिरांनी ब्रायर हाती घेतले आणि पाहता पाहता ते गाव पाइपच्या धंद्याचे माहेर बनले. आजही अनेक पाइपांच्या दांड्यावर त्या गावाचे नाव कोरलेले आढळते.

माझा अकरा दिवसांचा पाइप शिसवीचा निघाला. शिसवीचे कपाट पिढ्यान्‌पिढ्या टिकते, पण तिच्या वाटीत निखारा ठेवला की तिच्यातील तेलकट अंश तापून वास सुटतो आणि लाकूड करपते. ओळखण्याची खूण सोपी आहे. शिसवीत गडद आणि फिकट असे लांब पट्टे एकाच दिशेने धावताना दिसतात आणि बारीक उघडी छिद्रे रेघांसारखी असतात. ब्रायरमध्ये एका बाजूने ज्वालांसारख्या उभ्या रेषा दिसतात आणि त्याला काटकोनात असलेल्या बाजूला त्याच रेषांची टोके बारीक ठिपक्यांसारखी, पक्ष्याच्या डोळ्यांसारखी, दिसतात. एकाच वाटीवर रेषा आणि ठिपके दोन्ही सापडले, तर ते लाकूड बहुधा ब्रायर असते. रंग इतका गडद दिला असेल की लाकडाची वीणच दिसू नये, तर तो रंग काय झाकतो आहे असा प्रश्न स्वतःला विचारावा. दांड्यावर ‘ब्रुयेर गारांती’ असे शब्द असले तर ते कुठल्या कंपनीचे नाव आहे असे समजू नये. हे लाकूड ब्रायर आहे, एवढेच त्या फ्रेंच शब्दांत सांगितलेले असते आणि असंख्य बिननावी पाइपांवर ते आढळतात.

लाकूड खरे निघाले तरी काम अर्धेच झाले, कारण पाइप चांगला ओढला जातो की नाही हे लाकडावर कमी आणि भोकावर अधिक अवलंबून असते. पाइप ही शेवटी एक नळी आहे. वाटीच्या तळापासून दातांपर्यंत धुराने ज्या वाटेने यायचे, ती वाट सरळ, गुळगुळीत आणि सारख्या रुंदीची असली तर स्वस्त पाइपही शांतपणे जळतो. ती वाकडी, तुटक किंवा चिंचोळी असली तर पन्नास हजारांचा पाइपही गुरगुरतो आणि पुन्हा पुन्हा विझतो. पात्रांवांचे आयुष्य जहाजावरील वाफेच्या आणि तेलाच्या नळ्या जोडण्यात गेले, त्यामुळे या विषयावर ते बोलू लागले की कंदील विझेपर्यंत थांबत नाहीत. त्यांनी मला जी तपासणी शिकवली ती कुठल्याही दुकानात दोन मिनिटांत करता येते आणि तिच्यासाठी खिशात एक पाइप-क्लीनर व मोबाइलचा दिवा असला की पुरे.

प्रथम वाटीच्या आत उजेड पाडून पाहावे. धुराचे भोक वाटीच्या अगदी तळाशी आणि बरोबर मध्यभागी उघडले पाहिजे. ते तळापासून वर असेल तर त्याच्या खालची तंबाखू कधीच जळत नाही आणि दर वेळी ओल्या काळ्या चिखलासारखा गाळ मागे राहतो. ते एका बाजूला सरकले असेल तर निखारा त्याच बाजूने ओढला जातो आणि तिथली भिंत आधी करपते. माझ्या त्या बिचाऱ्या पाइपचे नेमके हेच झाले होते. शिसवीने फक्त शेवट लवकर केला. तळ पसरट ‘यू’ आकाराचा असावा आणि तळाखाली पुरेसे लाकूड शिल्लक असावे. भिंतीची जाडी चहूकडे सारखी आहे ना, हे वरून पाहिले तरी कळते. सहा मिलिमीटरपेक्षा पातळ भिंत नवशिक्याने टाळावी, कारण नवशिका जोरात ओढतो आणि पाइप तापवतो.

मग मुखनळीच्या टोकातून क्लीनर आत सारावा. तो मुखनळी न काढता, कुठेही न अडता, वाटीच्या तळाशी डोके काढतो, तो पाइप घ्यावा. वाकड्या आकाराच्या पाइपांत धुराचे भोक आणि मुखनळी बसवायची खाच वेगवेगळ्या कोनांत पाडलेली असतात आणि ती दोन्ही मध्ये एकमेकांना नीट मिळाली नाहीत की क्लीनर तिथेच अडतो. स्वस्त वाकड्या पाइपांत हा दोष फार आढळतो. त्यानंतर मुखनळी वेगळी करून तिची खुंटी आणि दांड्यातील खाच पाहावी. जोड बसल्यावर केसही जाणार नाही इतकी मुखनळी दांड्याला चिकटून बसली पाहिजे, आणि आतही खुंटीचे टोक खाचेच्या तळाला जवळजवळ टेकले पाहिजे. तिथे मोठी पोकळी राहिली तर धूर त्या पोकळीत घुटमळतो, थंड होतो आणि त्याचे पाणी होऊन पाइप गुरगुरू लागतो. शेवटी रिकामा पाइप तोंडात धरून हळू हवा ओढावी. शहाळ्याच्या नळीतून पाणी यावे तशी हवा सहज आली पाहिजे. शिट्टीसारखा आवाज आला किंवा गाल आत ओढले गेले, तर भोक अरुंद आहे असे समजावे. सुमारे चार मिलिमीटरचे भोक असले म्हणजे तक्रार राहत नाही. दुकानदार पाइप तोंडाला लावू देत नसेल, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने ते योग्यही आहे, तर मुखनळीवर स्वच्छ रुमाल धरून ही चाचणी करावी.

हे सगळे झाल्यावरच बाहेरचे रूप पाहावे. ब्रायरची गाठ खडकाळ जमिनीत वाढते, त्यामुळे तिच्यात वाळूचे खडे आणि बारीक खळगे असतात. एकही खळगा नसलेला ठोकळा दुर्मीळ असतो आणि पाइपची किंमत मुख्यतः त्या निर्दोषपणाची असते, ओढण्याच्या सुखाची नव्हे. स्वस्त पाइपांत हे खळगे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवतात आणि वरून रंग देतात. दाराच्या चौकटीला सुतार लांबी भरतो त्यातलाच हा प्रकार. दोन-तीन बारीक ठिपके असले तर त्याने काहीही बिघडत नाही. काळानुसार लाकूड गडद होते, लांबी फिकट राहते आणि ठिपके थोडे उठून दिसतात, एवढेच. मात्र वाटीच्या काठावर किंवा दांडा जिथे वाटीला मिळतो तिथे मोठी लांबी असली तर तो पाइप ठेवून द्यावा, कारण उष्णतेने ती सुटू शकते.

खळगे लपवण्याचा अधिक प्रामाणिक मार्ग म्हणजे पृष्ठभागच खडबडीत करणे. वाळूच्या झोताने मऊ भाग झिजवला की लाकडाच्या वर्षागणिक वाढीच्या रेषा उठून दिसतात. लंडनच्या डनहिल कंपनीने १९१७ च्या सुमारास हा प्रकार बाजारात आणून त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. हत्याराने कोरून खरखरीत केलेले पाइपही असतात. नवशिक्याला मी डोळे झाकून असा खडबडीत पाइप सुचवीन. त्याच लाकडाचा, त्याच कारखान्याचा, त्याच भोकाचा पाइप गुळगुळीत रूपापेक्षा कमी किमतीत मिळतो, त्याचा पृष्ठभाग अधिक असल्याने तो हाताला जरा कमी गरम लागतो आणि घामेजल्या बोटांतून निसटत नाही. उलट, जाड चकचकीत लॅकरचा थर दिलेला पाइप शक्यतो टाळावा. लाखेची चकाकी गोव्यातील कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांनी घडवलेल्या पाटावर आणि पाळण्यावर शोभते, कारण पाटाखाली कोणी विस्तव पेटवत नाही. मेणाने घासलेला पाइप पहिल्या दिवशी थोडा मंद दिसतो, पण तो तापला तरी त्याला फोड येत नाहीत.

रूपावर भुलण्याची ही खोड जुनी आहे, एवढेच माझे समाधान. तंबाखू या देशात पोर्तुगीजांबरोबर आली, आणि अकबराचा दूत असद बेग १६०४-०५ च्या सुमारास विजापूरहून ती आग्र्याला घेऊन गेला, तेव्हा त्याने बादशहापुढे ठेवण्यासाठी रत्ने जडवलेली खास नळी तयार करवली होती. बादशहाने थोडी ओढून पाहिली, मग हकिमांनी हरकत घेतली. त्या नळीचे भोक कसे होते याची नोंद असद बेगने केलेली नाही.

आकारांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण नवशिका यातच सर्वाधिक वेळ घालवतो आणि याचेच महत्त्व सर्वांत कमी आहे. सरळ दांड्याचा ‘बिलियर्ड’ किंवा जरा गोलसर पोटाचा ‘अ‍ॅपल’ हे आकार घडवायला सोपे, म्हणून त्यांत भोक चुकण्याची शक्यता कमी, आणि साफ करायलाही सोपे. वाकडा पाइप दातांत धरायला हलका लागतो हे खरे. ज्याला दोन्ही हात मोकळे ठेवून वर्तमानपत्र वाचायचे आहे त्याने अर्धवट वाकलेला घ्यावा, पण क्लीनरची परीक्षा घेतल्याशिवाय घेऊ नये. वाटीच्या आतील व्यास सुमारे एकोणीस-वीस मिलिमीटर आणि खोली पस्तीस ते चाळीस मिलिमीटर असली की अर्धा-पाऊण तास सहज जातो. वजन पस्तीस ते पंचेचाळीस ग्रॅम असावे. लांबलचक नळीचा ‘चर्चवॉर्डन’ चित्रात छान दिसतो, परंतु तो आरामखुर्चीतच ओढावा लागतो आणि घरात नातवंडे असतील तर फार दिवस टिकत नाही.

मुखनळी व्हल्कनाइटची असते किंवा अ‍ॅक्रिलिकची. व्हल्कनाइट म्हणजे गंधक मिसळून कडक केलेले रबर. ते दातांना मऊ लागते, पण उन्हाने आणि दमट हवेने त्यावर हिरवट-तपकिरी रंग चढतो आणि गंधकाची कडू चव येते. आपल्याकडच्या उन्हात खिडकीत ठेवलेली अशी मुखनळी एका उन्हाळ्यात शेवाळलेल्या विहिरीसारखी दिसू लागते. अ‍ॅक्रिलिक दातांना कडक लागते, मात्र तिची चकाकी जात नाही. पात्रांवांची कवळी असल्याने ते व्हल्कनाइट सोडायला तयार नाहीत. मी अ‍ॅक्रिलिक घेतली आणि मला पश्चात्ताप झालेला नाही. फिल्टरच्या बाबतीत इटलीच्या पाइपांत सहा मिलिमीटरचा बाल्सा लाकडाचा आणि जर्मन पाइपांत नऊ मिलिमीटरचा कोळशाचा फिल्टर आढळतो. ओलावा थोडा कमी होतो, हा त्याचा फायदा. तो संपला की गोव्यात मिळत नाही, ही अडचण. फिल्टरसाठी केलेली पोकळी रिकामी ठेवून ओढल्यास वर सांगितलेली गुरगुर सुरू होते, म्हणून फिल्टर न वापरणाऱ्याने तिच्यात बसणारी अडॉप्टर-नळी सोबत मिळते का, हे विचारावे.

आता पैशांचे. मी सगळे मिळून सहा हजार रुपये ठरवले होते आणि त्यातले चार हजारच पाइपसाठी होते. उरलेल्या पैशांत क्लीनरची दोन पाकिटे, तंबाखू दाबण्यासाठी साधी दाबणी आणि तंबाखू येणे आवश्यक होते. नवशिके सगळे पैसे पाइपवर खर्च करतात आणि मग क्लीनरऐवजी केरसुणीची काडी वापरतात. एवढ्या रकमेत मोठ्या नावाचा नवा, निर्दोष पाइप येत नाही. मिलानची साविनेल्ली ही १८७६ पासूनची पेढी, डब्लिनची पीटरसन, सां-क्लोदची शाकॉम यांचे साधे पाइपही आपल्याकडे पोहोचेपर्यंत टपालखर्च आणि सीमाशुल्क यांमुळे बरेच महाग होतात. परदेशातून मागवणाऱ्याने वस्तूच्या किमतीवर न जाता घरपोच पडणाऱ्या किमतीचा हिशेब आधी मांडावा. दुसरा मार्ग ‘बास्केट पाइप’चा. मोठ्या कारखान्यांत लांबी अधिक भरावी लागलेले पाइप स्वतःच्या नावाने न विकता बिननावी किंवा दुय्यम नावाने विकले जातात, आणि दुकानांत ते टोपलीत ठेवलेले असत म्हणून हे नाव पडले. भोक त्याच यंत्रावर पाडलेले असते. फक्त चेहरा डागाळलेला असतो. नवशिक्याच्या पैशाला एवढा न्याय दुसरीकडे कुठे मिळत नाही, असे माझे मत आहे.

पोलंडमधून पेअरच्या लाकडाचे पाइप फार स्वस्तात येतात. ते वाईट नाहीत, पण ते ब्रायर नव्हेत आणि ब्रायरइतकी उष्णता सोसत नाहीत, हे माहीत असून घ्यावेत. ज्याला आपल्याला पाइप झेपेल की नाही हेच ठाऊक नाही, त्याने मक्याच्या कणसाच्या बुरखुंडाचा पाइप घ्यावा. अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी १८६९ पासून ते बनवले जातात, त्यांना पहिल्या दिवसापासून चव येते आणि बिघडला तर हळहळ वाटत नाही. मी हा सल्ला ऐकला नाही, कारण मला ब्रायरच हवा होता. हौसेला कारण विचारू नये.

जुना, कोणीतरी वापरलेला पाइप हा तिसरा मार्ग, आणि गोव्यात तो दुर्मीळ नाही. जहाजांवर किंवा आफ्रिकेत नोकरी केलेल्या माणसांच्या घरांतील पेट्यांतून असे पाइप निघतात आणि घरच्यांना त्यांचे काय करावे कळत नाही. घेताना दांड्याच्या तोंडाशी केसासारखी चीर आहे का, हे नखाने तपासावे. चीर असेल तर मुखनळी घातली की ती रुंदावते. वाटीत कोळशाचा थर जाड असेल तर त्याखाली करपलेला खड्डा लपलेला असू शकतो, म्हणून बाहेरील लाकडावर काळसर छाया दिसते का ते पाहावे. दातांचे व्रण घासून जातात, आधीच्या तंबाखूचा वास मात्र चिवट असतो.

माझा पाइप शेवटी मुंबईतील एका विक्रेत्याकडून टपालाने आला. सां-क्लोदचा बिननावी पाइप, खडबडीत, काळपट तपकिरी, सरळ दांड्याचा बिलियर्ड, अ‍ॅक्रिलिकची मुखनळी, वजन अडतीस ग्रॅम, किंमत तीन हजार आठशे रुपये. फोटोत भोक दिसत नव्हते म्हणून वाटीचा आतून आणि दांड्याचा समोरून असे दोन फोटो मी मुद्दाम मागवून घेतले होते. जो विक्रेता हे फोटो पाठवायला कंटाळा करतो त्याच्याकडून घेऊ नये. पुडके सोडले तेव्हा पात्रांव उपस्थित होते. क्लीनर एका दमात वाटीत उतरला. काठाखाली लांबीचे दोन ठिपके निघाले, ते त्यांनी चष्मा वर करून शोधले आणि मला दाखवले. मग पाइप परत हातात देऊन त्यांनी विचारले, “आणि तुझा क्लीनर खंय?” मी हस्तकलेच्या दुकानातून आणलेले रंगीत, लुसलुशीत क्लीनर पुढे केले. ते कृत्रिम धाग्याचे असतात, पाणी शोषत नाहीत आणि त्यांचा पिंजलेला धागा भोकात अडकतो, हे मला तेव्हा कळले. सुती क्लीनर आठ दिवसांनी आले आणि पाइप तोवर टेबलावर बसून राहिला.

पहिले दहा-बारा दिवस मी वाटी अर्धीच भरत असे आणि सावकाश ओढत असे, म्हणजे आतल्या भिंतीवर कोळशाचा पातळ थर बसतो आणि लाकूड झाकले जाते. तो थर नाण्याच्या जाडीपेक्षा वाढू द्यायचा नाही. ज्या पाइपांना आतून काळा लेप दिलेला असतो त्यांना ही काळजी कमी लागते, पण तो लेप खालचे लाकूडही झाकतो, म्हणून मला बिनलेपाचा अधिक आवडतो. गरम असताना मुखनळी काढायची नाही, कारण तापलेला दांडा तिथे चिरतो. ओढून झाल्यावर पाइपला किमान एक पूर्ण दिवस विश्रांती द्यायची, असे सगळे सांगतात. पण हा नियम कोरड्या हवेतील लोकांनी केलेला आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे दांड्यातला ओलावा दोन दिवसांतही सुकत नाही. बंद कपाटात ठेवलेल्या पाइपवर चपलांवर धरते तशी पांढरी बुरशी धरते, आणि हवेतील पाण्याने लाकूड फुगून मुखनळी इतकी घट्ट बसते की ती काढताना हात थरथरतो. त्यासाठी खुंटीवर पेन्सिलीचे शिसे घासावे, लगेच फरक पडतो. पावसाळ्यात मी पाइप उघड्या घडवंचीवर, तोंड खाली करून, पंख्याच्या वाऱ्यात ठेवतो आणि तंबाखू लोणच्याच्या काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली ठेवतो.

महिन्यातून एकदा क्लीनर कडक मद्यात भिजवून भोक आतून पुसावे लागते. एकदा घरात दुसरे काही नव्हते म्हणून मी पात्रांवांकडून काजूची फेणी आणली. भोक स्वच्छ झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पुढचे पंधरा दिवस मात्र मी कुठलीही तंबाखू भरली तरी एप्रिलमधल्या काजूच्या बागेत उभा राहून ओढल्यासारखे वाटत होते. पात्रांवांनी तो पाइप दोनदा मागून घेतला आणि ओढून परत करताना फेणीची बाटली माझ्याकडेच ठेवायला सांगितली.